काचेच्या पेटीची उघाडी

सायकलवाल्याचा आणि शोभेच्या माशांचा काय संबंध, असं मला अजून लोक विचारतात. अहो, संबंध हवेचा! आमचा सगळा धंदाच हवेवर. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती आत राहिली पाहिजे, आणि नाही राहिली तर कुठून निसटते हे घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे बघून शोधायचं. एवढ्या भांडवलावर मी पनवेलीत माशांच्या पेट्यांचा वैद्य झालो. बोर्डावर कधी लिहिलं नाही, पण लोक आणून टाकायचे. एकदा नाव झालं की झालं, मग नको म्हणून चालत नाही.

सुरुवात एका फोटोग्राफरने केली. पोरं फोटोला नीट बसत नाहीत, चुळबुळ करतात, म्हणून त्याने कॅमेऱ्याच्या मागे काचेची पेटी ठेवली. पोरं माशांकडे टक लावून बघायची आणि हा फोटो काढायचा. डोकं बघा! फक्त त्या काळातल्या पनवेलच्या बाळांचे फोटो कुठे मिळाले तर बघा, सगळी बाळं एकाच बाजूला वेड्यासारखी बघताहेत. त्याच्या पेटीचा पंप आवाज करायचा म्हणून तो माझ्याकडे आला. त्याच्यामागून एक कापडवाले शेठ आले. त्यांना पेटी हवी होती, पाणी हवं होतं, हिरवळ हवी होती, फक्त मासे नको होते. "भाऊ, जीव कोंडायचं पाप आपण कशाला करायचं? तुम्ही नुसते बुडबुडे सोडा," म्हणाले. सोडले. गिऱ्हाईक तासन्‌तास उभं राहून ते बुडबुडे बघायचं आणि मासे कुठे लपलेत ते शोधायचं.

माझ्या आईला हा सगळा प्रकारच कळायचा नाही. ती उलव्याची, खाडीकाठची. "मासं नुसतं बगाचं?" असं म्हणून ती अशी हसायची की मला दुकानात जायची लाज वाटायची.

आता पंप म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. साबणाच्या डबीएवढी एक डबी. विजेवर आतलं रबर थरथरतं आणि बारीक बारीक फुंकर मारत राहतं. ती फुंकर रबरी नळीतून पेटीच्या तळाशी जाते आणि बुडबुडे होऊन वर येते. झालं. फुंकर नाजूक असते, आमच्या हातपंपासारखी रेड्याची ताकद नसते तिला. आणि लाईट गेली की फुंकर थांबते. पनवेलला लाईट कधीच आली होती, पण तिला राहायचा कंटाळा होता. दुपारची जायची, वाटेल तेव्हा यायची. तिच्या येण्याजाण्यात एका मुलीचा संसार उठला असता, हे कोणाला सांगून पटत नाही. मी मात्र डोळ्यांनी बघितलं आहे.

हरीशेठ म्हणून आमच्या ओळखीचे एक मीठ आणि भाताचे व्यापारी होते. माणूस मूळचा उलव्याचा, म्हणून आम्ही एकमेकांना धरून असायचो. एक दिवस ते पंप घेऊन दुकानात आले आणि त्यांनी तो टेबलावर आपटला. मी उचलून हलवला तर आत पाणी खळखळलं.

"हवेच्या पंपात पाणी कुठून आलं, शेठ?"

"कुठनं येनार? बायकोनं ओतलं."

असं म्हणाले आणि बाकड्यावर बसून राहिले. चेहरा उतरलेला. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सगळं बाहेर आलं.

हरीशेठचे वडील पोशाबाबा. यांना मी लहानपणापासून ओळखायचो. उलव्याच्या खारबांधावरची उघाडी ते सांभाळायचे. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. खाडीच्या काठी भातशेती असते तिथे खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांध घालतात. पण पावसाचं आतलं पाणी तर बाहेर जायला हवं! म्हणून बांधात एक भोक ठेवतात आणि त्याच्या तोंडाशी, खाडीच्या बाजूने, एक फळी वरून टांगलेली असते. ओहोटीला आतलं पाणी फळीला ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणी फळीवर रेटा देतं, आणि फळी आपोआप घट्ट बसते. बाहेर जायला मोकळीक, आत यायला मनाई. हीच उघाडी. ती नीट बसते की नाही, मधे काटकी अडकली का, फळी कुजली का, हे बघणाऱ्या माणसाच्या जिवावर अख्ख्या गावाचं भात. पोशाबाबांनी जन्मभर तेच केलं.

त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हरीशेठने त्यांना पनवेलच्या घरी आणलं. म्हातारा दिवसभर खाटेवर पडून भिंतीकडे बघायचा, घास गिळायचा नाही. डॉक्टर म्हणाले, यांना बघायला काहीतरी द्या. खाडी तर घरात आणता येत नाही, म्हणून हरीशेठने मुंबईहून काचेची पेटी, रंगीत मासे आणि हा पंप आणला. आणि खरोखर म्हातारा सुधारला. पेटीकडे बघत जेवायला लागला. भरवायची ती सून, हरीशेठची बायको शेवंती. पेटीचं पाणीही तीच विहिरीवरून आणायची.

पुढे गडबड सुरू झाली. दर थोड्या दिवसांनी पेटी अर्धी रिकामी व्हायची आणि जमिनीवर पाणीच पाणी. बुडबुडे मात्र चालू! पेटीला कुठे चीर नाही, गळती नाही. घरात दुपारी कोण? सासू चांगुणाआई लाईट गेली की वाऱ्याला अंगणात जाऊन बसायची. राहिली शेवंती. त्यात ती बिचारी पहिल्या दिवशी थट्टेत म्हणून गेली होती, "जित्या माशांची एवरी सेवा, आन आमच्या ताटात सुकं बोंबील." ते वाक्य सासूने गाठीला बांधलं. हिला पाणी भरायचा कंटाळा आलाय, मासे मारून पेटी घालवायची आहे, म्हणून हीच ओतून देते. एवढ्यावरही हरीशेठनी विश्वास ठेवला नसता. पण साक्ष दिली ती खुद्द पोशाबाबांनी.

"बाबा बगतान ना समदं," हरीशेठ म्हणाले. "ती फडकं घेऊन पानी पुसाला बसली का बाबा तिच्याकरं बगून हात करतान. पैला हात वर नेतान, मंग असा झटकतान. ऊठ आन चालती हो. दर येळंला, सदूभाऊ, दर येळंला. मना वाटलं व्हतं बाबांचा जीव हाय तिच्यावर. उद्या तिचा बाप येतंय जासईवरनं. घेऊन जानार."

शेवंतीला मी बघितलं होतं. सासऱ्याचं तोंड पुसून देताना ती त्याच्याशी गप्पा मारायची, उत्तर येणार नाही हे माहीत असून. ही मुलगी पाणी ओतेल? मी पंप उघडला. आतलं पाणी पंपाच्या तोंडातून आलं होतं, नळीच्या बाजूने. वरून ओतलं असतं तर असं आलं नसतं. माझ्या डोक्यात पिंपातलं रॉकेल आलं. नळी घालून तोंडाने एकदा ओढलं की रॉकेल पिंपाचा काठ चढून आपलं आपण खालच्या डब्यात उतरतं, थांबवेपर्यंत थांबत नाही. दुसरं टोक खाली हवं, एवढीच अट.

"शेठ, पंप कुठे ठेवता?"

"पेटीखाली. पाटावर."

"उद्या मी येतो. तिचा बाप यायच्या आत येतो. तोवर कोणाला काही बोलू नका."

पंप वाळवला, रबर बदललं आणि दुसऱ्या दिवशी पोचलो, तर शेवंतीचा बाप माझ्या आधीच हजर. मिठागरात राबलेला माणूस, पाय भेगाळलेले, टोपी हातात धरून ओटीवर बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. दाराशी पत्र्याची पेटी बांधून तयार. आत शेवंती उभी होती. रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

मी पंप जोडला, बुडबुडे सुरू केले, आणि सगळ्यांना आत बोलावून भाषण ठोकलं. लाईट गेली की फुंकर थांबते, नळीतली हवा जरा मागे सरते, तिच्यामागून पाणी नळीत चढतं आणि पंपातून जमिनीवर येतं. लाईट आली की पंप पुन्हा फुंकायला लागतो. तुम्ही आत येता तेव्हा बुडबुडे चालू आणि पाणी खाली.

चांगुणाआईने कमरेवर हात ठेवला. "आरं सदू, पानी कदी डोंगुर चरतं? तू सायकली बगणारा मानूस, आमच्या घरच्या भानगडीत कनाला परतंस?"

"बघा तर खरं," म्हटलं आणि ऐटीत बटण बंद केलं.

काही झालं नाही.

पाणी नळीत थोडं चढलं आणि काठाच्या खाली थांबलं, ते थांबलंच. आम्ही सगळे त्या नळीकडे बघतोय. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. परत तेच. चांगुणाआई म्हणाली, "झाली तुजी जादू?" हरीशेठ खाली बघायला लागले. आणि ओटीवरचा तो माणूस उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि लेकीला म्हणाला, "चल बाय. उरणची यष्टी चुकंल."

देवाशपथ सांगतो, तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. आपण मदतीला आलो आणि त्या पोरीच्या गळ्यातला फास आणखी आवळला. आधी संशय होता, आता शिक्कामोर्तब झालं.

शेवंती निघाली. जाताना वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला. आणि पोशाबाबा खवळले. घशातून आवाज काढायला लागले, डावा हात जोरजोरात हलवायला लागले. हात खाटेवरून वर नेला, आणि झटकला. परत वर नेला, झटकला.

"बग," चांगुणाआई मला म्हणाली. "तुज्या डोल्यांनी बग. ऊठ आन जा."

मी बघितलं. आणि ते बघता बघता मला उलव्याचा बांध दिसला. मी तेव्हा मिसरूड न फुटलेला, आजोळी गेलेलो. उघाडी आपोआप कशी लागते म्हणून मी बाबांना विचारलं होतं. त्यांनी एक तळहात उभा धरला होता, हा बांध. दुसरा तळहात खालून वर आणला होता, ही भरती. आणि मग तोच हात त्या उभ्या हातावर थाडकन आपटला होता, ही फळी बसली. दोन हातांची खूण होती ती! आता एक हात मेला होता. राहिली होती ती अर्धीच खूण, आणि ती अर्धी खूण बघणाऱ्याला दिसायची, ऊठ आणि जा.

मी खाटेशी गुडघ्यावर बसलो आणि माझा तळहात त्यांच्यासमोर उभा धरला.

म्हातारा क्षणभर थांबला. माझ्याकडे असं बघितलं की आजही अंगावर काटा येतो. मग डावा हात खालून सावकाश वर आणला, वर, आणखी वर, आणि माझ्या तळहातावर थाप मारली. पुन्हा मारली. आणि त्यांच्या अर्ध्या तोंडातून हसू आणि लाळ एकदमच बाहेर आली.

"उघाडी," मी ओरडलो. "अहो, बाबा उघाडी दाखवताहेत! पाणी मागे येतंय, दार नाही, असं सांगताहेत!"

पण हात एवढा वर का नेत होते? भरती. उधाणाची भरती. मी पेटीकडे वळलो. पाणी काठापासून चांगलं चार बोटं खाली होतं.

"शेवंती, पेटीत पाणी एवढंच भरतेस?"

"पैलं भरायची काठोकाठ," ती म्हणाली. "आये काल बोलली पानी वाया घालवतंस. म्हनून काल जमीन पुसली, मंग थोरंच भरलं."

म्हणजे बघा काय झालं होतं. पाणी कमी असलं की नळीतून काठ ओलांडणं त्याला जमत नाही. काठोकाठ असलं की जरासा हिसका पुरतो. ही पोर जेव्हा जेव्हा मन लावून पेटी भरायची, तेव्हा तेव्हाच लाईट गेली की पेटी रिकामी व्हायची. तिचा चांगुलपणाच तिच्या मुळावर आला होता. आणि हे त्या घरात एकाच माणसाला कळलं होतं, ज्याला बोलता येत नव्हतं.

"घागर आण," मी म्हटलं.

तिने बापाकडे बघितलं. बापाने टोपी परत काढली. ती गेली आणि घागर घेऊन आली. पेटी काठोकाठ भरली, इतकी की पाणी काचेवर फुगून राहिलं. पंप थोडा वेळ चालू दिला. मी सगळ्यांना लांब उभं केलं, शेवंतीला तर पार दाराशी, आणि बटण बंद केलं.

पाणी नळीत शिरलं. चढलं. काठावर आलं, जरा घुटमळलं, आणि पलीकडे उतरलं. पंपातून पहिला थेंब पाटावर पडला, मग दुसरा, मग धार लागली. नुसता पाण्याचा आवाज. पाणी वाहत वाहत चांगुणाआईच्या पायापर्यंत आलं आणि तिने पाय मागे घेतला नाही.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच ओल्या जमिनीवर फतकल मारून बसलो. सुटलो बाबा एकदाचा! हरीशेठ भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

शेवंती खाटेशी आली. सासूकडे नाही, नवऱ्याकडे नाही, ती सरळ म्हाताऱ्याशी बोलली.

"बाबा, मंग तुमी मना जा म्हनत नव्हता?"

सासूचे टोमणे तिने सोसले होते. पण ज्याला रोज हाताने भरवते तोच आपल्याला घालवतोय, हे तिला आतून खात होतं, हे तेव्हा कळलं मला. पोशाबाबांनी मान हलवली. इकडून तिकडे, इकडून तिकडे, थांबेचनात. मग ती रडली.

चांगुणाआईने माफी वगैरे मागितली नाही. तिच्या पिढीत सासवांना ते शिकवलेलं नव्हतं. तिने दाराशी बांधलेली पत्र्याची पेटी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि व्याह्याला म्हणाली, "पाव्हनं, बसा आता. जेवल्याबगर जायाचं नाय. ताजी मासली आल्यान, निवटी." तो माणूस जेवला आणि संध्याकाळच्या यष्टीने एकटाच जासईला गेला. मिठागरवाल्यांना हसायला उशीर लागतो, पण गाडीत चढताना हसत होता. मी सोडायला गेलो होतो.

आता धंद्याचं बोलतो. अशी पेटी कोणाकडे असेल त्याने पंप पाण्याच्या वर, फळीवर ठेवावा. विषय संपला. पाणी मग पंपापर्यंत पोचतच नाही. मीही त्याच दिवशी भिंतीला फळी ठोकून पंप वर चढवला. पण पोशाबाबांचं समाधान होईना. परत हात वर, परत झटका. त्यांना दार हवं होतं! मी आधी सायकलची वालट्यूब लावून बघितली. तीही हवा आत सोडते, बाहेर सोडत नाही. पण पंपाच्या नाजूक फुंकरीला ती उघडेना. मग बाबांच्याच वाटेने गेलो. पितळेच्या बारीक नळकांड्यात फुग्याच्या पातळ रबराची एक पाकळी वरून टांगली, नखाएवढी. हवा आली की उघडते, पाणी आलं की बसते. ती त्यांच्यापुढे नेली. त्यांना फुंकता येत नव्हतं, म्हणून शेवंतीने फुंकून दाखवलं. एका बाजूने हवा गेली. दुसऱ्या बाजूने गाल फुगवून डोळे बाहेर आले तरी जाईना. म्हातारा खदखदून हसला. माझ्या हातून पुष्कळ चांगली कामं झाली, पण असा परीक्षक पुन्हा मिळाला नाही.

एक रुखरुख राहिली. म्हातारा सगळं बघत होता, सांगत होता, आणि आम्ही सगळे उलटं ऐकत होतो. त्या पोरीचे ते दिवस कोण भरून देणार? पाकळी लावून ते परत येत नाहीत.

पोशाबाबा पुढे वारले. माझं दुकान मुलाने घेतलं. मध्यंतरी नातवाच्या हट्टापायी शेवंतीच्या घरी पुन्हा माशांची पेटी आली, तेव्हा तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. आता तिचे केस पांढरे, ती स्वतः सासू. मी गेलो तेव्हा तिची सून हंड्याने पेटी भरत होती. पाणी काठाला आलं तरी थांबेना. सवय जाते कुठे, मी बोलून गेलो, "अगं पोरी, पुरे, पुरे. इतकं काठोकाठ भरू नकोस."

शेवंतीने माझा हात धरला. पेटीच्या नळीत मधोमध ते जुनं पितळी नळकांडं बसवलेलं होतं. घासूनपुसून लख्ख.

"भरू दे तिला, सदूभाऊ," ती म्हणाली. "मधी उघाडी हाय."